दहा चाळीसचं टोकन

१

रोज सकाळी दहाला त्या ऑफिसातली पाचही माणसं खुर्च्या सोडून खिडकीपाशी गोल करून उभी राहत. बसून बोललं की बोलणं पसरतं, असं काकांचं म्हणणं, म्हणून उभ्या उभ्याच. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय. मुनीची पाळी आली की बाकीचे चौघे नकळत थोडे पुढं वाकत. त्याचा आवाज घशातून निघून ओठांपर्यंत येईतो निम्मा विरून जायचा. काल फॉर्म केला, आज फॉर्म करतो, अडलं नाही, एवढं म्हणून तो पुन्हा आपल्या बुटांकडे बघायला मोकळा. मुनी हे नाव त्याला त्यावरूनच पडलं होतं. नाव पडलं तेव्हाही तो काही बोलला नव्हता, त्यामुळे ते पक्कंच झालं.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. वेबसाइटी बनवून द्यायच्या आणि बनवलेल्या सांभाळायच्या, हा धंदा. काका तिथले सगळ्यात जुने प्रोग्रामर. वय जेमतेम चव्वेचाळीस, पण डोकं कापसासारखं पांढरं. ते केस सर्व्हर बंद पडल्याच्या फोनांनी पिकलेत, असं ते स्वतःच सांगत. दुसरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे सासूबाई. ही खरं तर मुनीहून तीनच वर्षांनी मोठी, बिनलग्नाची मुलगी. तिचं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या. त्या ती इतक्या मन लावून काढायची की नाव आपोआप चिकटलं. ऑफिसचा एक नियम होता. कुणाचीही एक ओळसुद्धा दुसऱ्यानं वाचून 'पाहिलं' असा शेरा मारल्याशिवाय लाइव्ह जायची नाही. सासूबाईंच्या हातून पहिल्या फेरीत 'पाहिलं' मिळवणारा माणूस त्या दोन खोल्यांत अजून जन्मला नव्हता.

त्या मंगळवारी काकांनी सांगितलं की हॉस्पिटलचं काम सोमवारी लाइव्ह जाणार. काम मोठं नव्हतं, पण नाजूक होतं. पेशंटनं दारापाशीच्या मशीनवर बोटानं आपलं नाव, वय, तक्रार भरायची, सोबत कोण आहे ते लिहायचं, मग टोकन मिळणार. तेच टोकन आत डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसणार आणि भिंतीवरच्या पाटीवर पुकारलं जाणार. मशीन हॉस्पिटलात जाऊन बसलंही होतं, सरावापुरतं चाचणीच्या प्रतीला जोडलेलं. डॉक्टरांच्या वेळा, खोल्या, सुट्ट्या, सगळं याच प्रतीत भरून झालं होतं. तेव्हा सोमवारी हीच प्रत खरी होणार होती. फक्त त्याआधी तिच्यातले खोटे पेशंट काढून टाकायला हवे होते.

खोटे पेशंट दोनशे अकरा होते. काकांनी मुनीकडे बघून म्हटलं, "हे तू कर. तुझीच पिलावळ आहे."

आणि लगेच, काहीतरी आठवल्यासारखं होऊन, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

२

पुसायचं काम तसं गमतीचं. 'कखग' नावाचे नऊ पेशंट होते. 'पेशंट एक', 'पेशंट एक पुन्हा' आणि 'पेशंट एक शेवटचा' होते. काकांनी केलेले एक आजोबा होते, वय तीनशे. सासूबाईंनी केलेला एक इसम होता, त्याचं नाव एकशे चाळीस अक्षरांचं आणि जन्म पुढच्या वर्षीचा. मुनी एकेकाला उडवत गेला. दुपारच्या चहापर्यंत एकच नोंद उरली.

नाव: ताई. तक्रार: दम लागतो. सोबत: भाऊ.

ही त्याची ताई. आईवडिलांच्या मागं तिनंच त्याला वाढवलं. कपड्यांच्या कारखान्यात ती कापड कापायची. घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांत बारीक तूस अडकलेलं असायचं. याची शाळा अर्ध्यावर सुटली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं. तिनं मात्र कारखान्यातल्या हिशेबनिसाचा जुना कॉम्प्युटर आणून याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, याच्याशी तरी बोल. तो बोलायला लागला. त्याच भाषेच्या जोरावर पुढं त्याला ही नोकरी मिळाली. त्या दिवसापासून ती त्याला साहेब म्हणायला लागली. साहेब, पान वाढलंय. साहेब, गाल पुसा.

हा फॉर्म पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तो घरीच काम करत होता आणि ती शेजारी बसली होती. चाचणीला एक पेशंट पाहिजे म्हणाल्यावर ती म्हणाली, "मला घाल की. तुझ्या यंत्रात तरी आजारी पडू दे, इथं सवड कुठाय?" मग तिनं स्वतःच एका बोटानं सगळं भरलं. जन्मतारीख खरी, फोन नंबर खरा, तक्रारही खरी. दम तेव्हाच लागायला लागला होता. त्यावर दोघं हसले होते.

पुढं दम वाढला. दाखवायला जाऊ या, असं ती दोनदा म्हणाली. तेव्हा एका फर्निचरवाल्याची साइट लाइव्ह जायची होती. एवढं जाऊ दे, सोमवारी जाऊ, असं तो म्हणाला. शनिवारी ती बाहेरचे कपडे घालून दाराशी खुर्चीवर तासभर बसून होती. याच्या कानावर हेडफोन, डोळे स्क्रीनमध्ये. मग तिनं उठून पुन्हा घरातले कपडे घातले आणि भात लावला. रविवारी दुपारी ती गेली. सोमवारी फर्निचरवाल्याची साइट लाइव्ह गेली, एकही चूक न निघता.

याला सात महिने झाले होते. ऑफिसात कुणी काही बोललं नव्हतं. पण त्यानंतर चाचणीसाठी 'ताई' ही नोंद कुणी वापरली नाही. सगळ्यांनी गुपचूप आपापले कखग तयार केले होते.

मुनीनं माउस त्या नोंदीवर नेला. आणि त्याला दिसलं की तिच्यापुढं त्याच दिवसाचं टोकन आहे. वेळ दहा चाळीस. स्थिती: बसले आहेत.

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला. त्याला आठवलं. रोज सकाळी आपोआप चालणारी एक तपासणी त्यानंच लिहिली होती. ती एक पेशंट घ्यायची, टोकन काढायची, सगळं नीट चालतं का बघायची. पेशंट म्हणून त्यानं तेव्हा ताईचीच नोंद दिली होती, सात महिन्यांत बदलली नव्हती. म्हणजे रोज सकाळी त्याचंच यंत्र त्याच्या बहिणीला दवाखान्यात नेऊन बसवत होतं. हे कळल्यावर त्याला भीती वाटायची थांबली आणि दुसरंच काहीतरी वाटलं. त्यानं ती तपासणी बंद केली.

नोंद उद्या पुसू, असं त्यानं ठरवलं. उद्या म्हणायची त्याला सवयच होती.

३

बुधवारी पुन्हा टोकन होतं. दहा चाळीस. बसले आहेत.

तपासणी बंद असल्याची त्यानं खात्री केली, एकदा, दोनदा. मग तो नोंद उघडून बसला. तक्रारीच्या रकान्यात काल दोन शब्द होते. आज तिथं होतं: दम लागतो. जिना चढताना.

गुरुवारी होतं: दम लागतो. चार पावलांत.

शुक्रवारी: दम लागतो. बसल्या जागी.

याच शब्दांत आणि याच क्रमानं ती त्याला सांगत गेली होती. ते घरात, दोघांतच बोललेलं होतं. मुनीनं कुणालाच, अगदी नंतर आलेल्या डॉक्टरलाही, ते सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड नव्हतं.

तो उठून सासूबाईंच्या टेबलाशी गेला आणि नुसता उभा राहिला. तिनं वर न बघता विचारलं की काय मोडलंस. मग वर बघितलं आणि खुर्ची सरकवून त्याच्या टेबलाशी आली. तिनं नोंद वाचली. थट्टा करायच्या बेतात उघडलेलं तोंड तिनं मिटून घेतलं.

काम मात्र तिनं काम म्हणूनच केलं. सर्व्हरवर प्रत्येक गोष्टीची नोंद पडते, कोण आलं, कुठून आलं, किती वेळ होतं. ती यादी काढून तिनं बोट ठेवलं. बुधवारपासून तिन्ही दिवस फॉर्म एकाच ठिकाणाहून भरला गेला होता, हॉस्पिटलच्या दारापाशी ठेवलेल्या मशीनवरून. फॉर्म भरायला लागलेला वेळही होता. बाकी लोकांना दोन-तीन मिनिटं लागत. इथं एकोणीस मिनिटं.

"कुणीतरी म्हातारं माणूस असेल," सासूबाई म्हणाली. "मशीनवर ताईची नोंद उघडी राहिली असणार. नवं नाव भरायचं कळत नसेल, म्हणून त्याच नोंदीत आपली तक्रार लिहीत बसतंय. एका बोटानं." हे शेवटचं ती सहज बोलली. मुनीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

कारण पटण्यासारखं होतं. एवढ्या जगात दम लागणारी माणसं काय थोडी आहेत? आणि दम लागणारी माणसं दुसरं सांगणार तरी काय? जिना, चार पावलं, बसल्या जागी. त्याला वाटलं, आपण उगाच. पण मग सासूबाईंनी स्क्रीन थोडी खाली सरकवली आणि दोघांनाही एकदमच दिसलं की टोकन रोज निघतं, स्थिती रोज 'बसले आहेत' होते, पण 'आत बोलावलं' कधीच होत नाही. संध्याकाळी हॉस्पिटल बंद होताना यंत्र ते आपोआप रद्द करतं.

"का बोलावत नाहीत?" तिनं विचारलं.

मुनीला ते ठाऊक होतं. खोटे पेशंट डॉक्टरांच्या स्क्रीनवर येऊ नयेत, त्यांच्या सरावात व्यत्यय नको, म्हणून त्यानंच एक ओळ लिहिली होती. ज्या नोंदीवर चाचणीची खूण असेल ती रांगेत दिसायची नाही आणि पुकारलीही जायची नाही. ओळ साधी होती. ती सासूबाईंनीच तपासली होती आणि तिसऱ्या फेरीत 'पाहिलं' म्हटलं होतं.

"म्हणजे जे कुणी आहे," ती हळू म्हणाली, "ते रोज येऊन बसतंय आणि त्याचा नंबरच लागत नाही."

मग ती म्हणाली, "तुला जमत नसेल तर मी पुसू का?"

त्यानं मान हलवली. नाही.

४

शनिवारी मशीन शेवटचं तपासायला कुणीतरी हॉस्पिटलात जायचं होतं. मुनी म्हणाला, मी जातो. तो आपण होऊन कुठं जातो म्हणाला, याचंच काकांना नवल वाटलं.

हॉस्पिटल तीन मजली, जुनं, पण स्वच्छ. तळमजल्यावर बसायची लांबट खोली. भिंतीला धरून चार ओळी निळ्या खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एका टोकाला कुणी बसलं की दुसऱ्या टोकाला हलायचं. वर पंखे. समोर डॉक्टरांच्या खोलीचं दार, दारावर पाटी. एका बाजूला नोंदणीची खिडकी आणि तिच्यात बसलेल्या बाई. या बाईंना मशीन आल्यापासून आपली नोकरी जाणार असं वाटत होतं, म्हणून त्या मशीनशी आणि मशीनच्या माणसांशी जरा फणकाऱ्यानंच वागत.

सव्वादहा वाजले होते आणि खोली भरलेली होती. सरावाच्या आठवड्यात पेशंट दोन्हीकडं नाव नोंदवत, आधी मशीनवर आणि मग खिडकीत, त्यामुळे सगळेच वैतागलेले. सात-आठ जण उभे होते. एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन या पायावरून त्या पायावर होत होती. आणि तरीही तिसऱ्या ओळीतली भिंतीकडची एक खुर्ची रिकामी होती.

मुनीनं त्या बाईला खुणेनं ती खुर्ची दाखवली. तिनं तिकडं पाहिलं आणि म्हणाली, "तिथं कुणीतरी आहे ना." मग स्वतःच गोंधळली, पण गेली नाही.

खिडकीवरच्या बाईंना त्यानं अडखळत विचारलं, त्या खुर्चीवर कोण असतं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. कोण असणार, म्हणाल्या. लोकांच्या डोक्यात काय येतं कुणास ठाऊक, आठवडा झाला, मेली ती खुर्ची कुणी घेत नाही. झाडणाऱ्या माणसानं तिच्यावर काही सांडलंय का ते पण बघितलं. काही नाही. तेवढं सांगून त्या पुन्हा कागदांत बुडाल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "तुमचं ते यंत्र सारखं वाजतं मात्र. समोर कुणी नसताना."

मशीन दाराच्या आत डाव्या हाताला होतं, छातीइतक्या उंचीचं, अक्षर दाबलं की बारीक टिक करणारं. तो आवाज मुनीनंच निवडला होता. तो मशीनकडं निघाला तेव्हा दहा चाळीसला अजून बरीच मिनिटं बाकी होती.

टिक.

समोर कुणी नव्हतं. मागच्या माणसाचा धक्का लागला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं, पण मागं भिंत होती. काच गरम झाली की कधीकधी आपोआप दाबली जाते. हे त्यानं वाचलंही होतं. तो तेच घोकत राहिला. टिक. मग इतका वेळ काही नाही, की वाटावं, थांबलं. टिक. दोन टिकांच्या मध्ये त्याला आणखी एक आवाज ऐकू आला, अगदी जवळून, त्याच्या खांद्याच्या उंचीवरून. श्वास आत जाताना बारीक शिटी वाजल्यासारखा. बाहेर येताना तुटक. तो आवाज त्यानं घरातल्या पातळ भिंतीतून पुष्कळ रात्री ऐकला होता आणि उशी कानावर घेतली होती.

तो पुढं सरकला नाही. मान तेवढी पुढं केली.

फॉर्म उघडा होता. नाव भरलेलं. तक्रारीत आज काही नव्हतं, नुसती रिकामी जागा, जणू सांगण्यापुरताही दम उरला नव्हता. खाली 'सोबत कोण' या रकान्यात शब्द उमटत होते. भाऊ, असं आधीपासूनच होतं. त्यापुढं एकेक अक्षर येत गेलं.

भाऊ. येतो म्हणालाय.

मग यंत्रानं टोकन बाहेर टाकलं. कागद तोंडाशी लोंबत राहिला आणि कुणीतरी ओढून घ्यावा तसा खाली गेला. मुनीनं जमिनीवर पाहिलं, मशीनखाली पाहिलं. कागद नव्हता. तिसऱ्या ओळीतल्या खुर्च्या, एकीला जोडून दुसरी, किंचित हलल्या. ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यानं सवयीनं काठी सावरून धरली.

मुनी त्या खुर्चीपाशी गेला नाही. त्याला जायचं होतं. तो दारातून बाहेर पडला आणि बसथांब्यावर जाऊन ऊन कलेपर्यंत बसून राहिला.

५

सोमवारी सकाळच्या गोलात काकांनी विचारलं की खोटे पेशंट गेले ना सगळे. मुनीच्या पाळीला चौघे पुढं वाकले. तो म्हणाला, एक राहिलाय, आत्ता करतो. त्या दिवशी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

जागेवर बसून त्यानं दोन गोष्टी समोर मांडल्या. पुसायला एक बटण होतं. ते दाबलं की नोंद, टोकनं, तक्रारी, एकोणीस मिनिटं, सगळं नाहीसं. नियमही तोच सांगत होता. दुसरं होतं ते नियमात कुठंच बसत नव्हतं. त्या एका नोंदीवरची चाचणीची खूण काढायची आणि तिला खऱ्या रांगेत सोडायचं. खऱ्या हॉस्पिटलच्या खऱ्या रांगेत खोटा पेशंट म्हणजे नोकरी जायचंच काम. आणि शाळा अर्धवट सुटलेल्याला दुसरी नोकरी देतं कोण? पण त्यानं सात महिने रात्रंदिवस एकच विचार केला होता, की त्या शनिवारी आपण हेडफोन काढला असता तर. आता कुणीतरी पुन्हा खुर्चीवर बसून होतं. यावेळी त्यानं हेडफोन घातलेला नव्हता.

त्यानं बदल लिहिला आणि तपासायला पाठवला. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं: हिचा नंबर लागला पाहिजे.

पलीकडच्या टेबलावर सासूबाईंच्या स्क्रीनवर ते उमटलं. ती वाचत असलेली त्याला पाठमोरी दिसत होती. एकदा तिनं काकांच्या खोलीकडं पाहिलं. मग कीबोर्डवर बोटं ठेवली आणि काढली, पुन्हा ठेवली. मुनीच्या स्क्रीनवर शेरा आला.

पाहिलं.

पहिल्या फेरीत. एकही चूक न काढता. त्यानं लगेच बदल लाइव्ह सोडला. तिनं मागं वळून बघितलं नाही, नुसतं म्हणाली, "जा लवकर. दहा पंचवीस झालेत."

६

तो पोचला तेव्हा पाटीवर नवे आकडे पळत होते. भिंतीकडची खुर्ची रिकामी होती आणि आसपासची माणसं नेहमीसारखी अंग चोरून बसली होती. मुनी ओळीत शिरला. तिच्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला त्यानं उठायची विनंती केली. तो माणूस सुटल्यासारखा उठला. मुनी तिथं बसला. डावीकडं त्यानं बघितलं नाही. डावा दंड तेवढा गार पडत गेला, आणि शिटीसारखा श्वास येत राहिला, जात राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. आयुष्यभर बोलणं याला जमलं नव्हतं, तिथं तरी कुठून जमणार? "आलो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

टोकन पुकारलं गेलं. खिडकीवरच्या बाईंनी नाव वाचलं, "ताई? ताई कोण आहे? नुसतं ताई लिहिलंय." कुणीतरी हसलं. मुनी उभा राहिला. खोलीभर माणसं त्याच्याकडं बघत होती, आणि एरवी एवढ्या नजरांनी त्याचं पाणी झालं असतं. तो दारापर्यंत गेला, दार उघडलं आणि धरून ठेवलं. चार पावलांना दम लागणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ त्यानं ते धरून ठेवलं. मागच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. मग त्याच्या पुढ्यातून गार हवेचा पट्टा आत गेला. त्यात कापसाच्या तुसाचा वास होता.

डॉक्टर वयस्कर होते. नव्या स्क्रीनशी त्यांची झटापट चालली होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

मुनीनं सांगितलं. जिना, चार पावलं, बसल्या जागी. रात्री भिंतीतून येणारा आवाज. कारखाना, तूस, भात. कुणाला न सांगितलेलं सगळं त्यानं सलग सांगितलं, आणि बोलता बोलता त्याला जाणवलं की समोरच्या स्टुलाकडे बघायची हिंमत आपल्याला अजूनही होत नाही. स्टुलाची कातडी दबलेली होती का? नाकासमोर डॉक्टरांचा पेपरवेट होता. तो त्या पेपरवेटकडेच बघत राहिला.

डॉक्टर टाइप करत होते. मग थांबले आणि चष्मा पुसला. "बराच उशीर केलात," ते म्हणाले. आवाज कठोर नव्हता. "बघतो. तुम्ही बाहेर बसा."

ते प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाला हेच सांगत असतील, असं मुनीला वाटलं. ही त्यांची रोजची पद्धत असेल, तोंडात बसलेली. तो बाहेर आला आणि दार मागं ओढून घेतलं. भिंतीकडच्या खुर्चीवर आता झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेली एक बाई आरामात टेकली होती.

पुढचं टोकन पुकारलं. एक म्हातारा आत गेला, थोड्या वेळानं बाहेर आला. मग एक मुलगी. मग नवरा-बायको. दार दर वेळी उघडायचं, मिटायचं. मुनी प्रत्येक वेळी अर्धा उठायचा. खोलीला दुसरं दार नव्हतं, हे त्यानं इमारतीला फेरी मारून बघितलं. फोनवर यादी उघडली. आत जाऊन आलेल्या प्रत्येकापुढं 'झाले' असं होतं. ताईपुढं 'तपासणी सुरू' होतं. काकांचे फोन येत होते, एकामागून एक. त्यानं आवाज बंद केला.

दोनला डॉक्टर हातातली पिशवी सांभाळत बाहेर आले, खोलीचा दिवा मालवला आणि त्याच्याकडे न बघता निघून गेले. उघड्या दारातून टेबल दिसलं, स्टूल दिसलं. त्यापलीकडे काळोख होता.

खिडकीवरच्या बाई पंखे बंद करत ओळीनं येत होत्या. त्याच्यापाशी आल्यावर थांबल्या. तुमचं माणूस आत आहे का अजून, असं त्यांनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांनाच आपल्या प्रश्नाचं नवल वाटल्यासारखं त्यांनी त्या दाराकडं पाहिलं.

"हो," मुनी म्हणाला. "थांबतो मी."

बाईंचा हात बटणावर होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा त्यांनी तसाच चालू ठेवला आणि चपला वाजू न देता त्या बाहेर गेल्या.